सातवी ओळ, दुसरा पत्रा

चंद्रपुरात, कुशावतीच्या काठी,
करवंट्यांचा विस्तव फुंकत
मी तांबं मऊ करतो आहे.
पंडिताने मजकूर खडूने लिहून दिला:
आधी चंद्र,
मग चंद्रापासून केतरसापर्यंत एकवीस पिढ्या.
मी एवढंच विचारलं, तांबं पुरेल का.
म्हणाला, दहावी ते सोळावी गाळ,
ते नुसते राजे आहेत.

सात राजे एका सकाळी
माझ्या ऐरणीवर वारले.

आजा बम्मय्य तारी होता,
आमच्या आळीला हे ठाऊक.
माणसाला एक कवडी, बैलाला दोन,
वासराचं काही घ्यायचा नाही.
पत्र्यावर तो 'शत्रुसागर तरून गेलेला' झाला.
अगदी खोटं म्हणता येणार नाही.

बाप मावरस: आधी मीठ, मग मिठावरचा कर,
मग कर गोळा करायला चाळीस भाले.
अरबांच्या गलबतातून उतरलेला एक घोडा
त्याने राजाला भेट दिला.
घोडा आठवड्यात मेला.
बाळ्ळीचं सामंतपण राहिलं.

बायकांसाठी पंडिताकडे एकच शब्द: लक्ष्मीसमान.
आजी, आई, राणी, तिघींना तोच.
माझ्या हाताला सोयीचा पडला.

आणि केतरस. त्याची बिरुदंच दोन ओळी:
शरणागतवज्रपंजर, रिपुगजकेसरी.
हत्ती त्याने एकदाच पाहिला,
जत्रेत, लांबून.

सातव्या ओळीत खडूने होतं:
'थोरला बंधू चामय्य'.
एवढंच. मी कोरलंही.
चामय्य मला माहीत होता.
अवसेच्या उधाणाला खाजनाचा बांध फुटला,
मानशीची फळी वाहून गेली,
तेव्हा त्या भगदाडात पाठ लावून उभा राहिलेला.
रात्रभर मागून मातीच्या पाट्या येत होत्या.
सकाळी कुळांनी त्याला बाहेर काढला,
तोंडात चिखल, बांध शाबूत.
धाकटा त्या रात्री राजसभेत विडा खात होता.

तेच खाजन आता केतरस देवाला देतो आहे,
मानशीसकट, मासळीसकट,
चंद्रसूर्य असेतोवर.
जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा.
हा शाप मी इतक्यांदा कोरलाय
की डोळे मिटून येतो.

रात्री तो आला. पालखी नाही,
एक दिवटी, तीही स्वतःच धरलेली.
त्याला वाचता येत नाही.
ओळींवरून बोट फिरवत म्हणाला,
ह्यात थोरला कुठे?
मी दाखवलं.
अंगठा ठेवला त्याने. बराच वेळ.
दिवटीचं तेल माझ्या भुईवर गळत होतं.

मग म्हणाला,
त्याचा पोर आता सोळा वर्षांचा झालाय.

मी भात्याकडे बघत राहिलो.

ठोकून सपाट कर, म्हणाला,
आणि जाताना उंबऱ्याला अडखळला.

मी ठोकलं.
चामय्याच्या जागी 'धर्मपरायण' बसवलं,
जवळजवळ तेवढ्याच लांबीचं.
पण 'चा'चा काना खोल गेला होता.
तो गेला नाही.
दोन अक्षरांच्या मध्ये उभाच राहिला,
बांधात ठोकलेल्या खुंटासारखा.

पंडित म्हणाला, हात कापला वाटतं.
म्हटलं, होय, वय झालं.

शेवटची अर्धी ओळ माझी असते: कोणी कोरलं.
जागा उरली नव्हती. बापाचं नाव गाळलं.
माझं घातलं, घाईत,
एक अनुस्वार विसरून.

मजुरी दोन खंडी भात,
कीस कोरणाऱ्याचा.
तो पोराच्या केसांत अडकून बसतो.
बायको चिंचेच्या कोळाने धुते,
म्हणते, निघत नाही हो,
उद्यापासून त्याला दूर बसवा.